साडेसहा वर्षांचा नातू, बाबागाडी आणि आजीचे गुडघे

वाचकाचं पत्र, थोडक्यात: न्यू जर्सीत राहणारं मराठी कुटुंब. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेसहाचा, वजन २१ किलो. जूनअखेरीस चार दिवस फ्लोरिडात ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलं आहे. सांगलीहून आलेले सासू-सासरे सोबत असतील. नवऱ्याची पाठ गेल्या वर्षापासून धरलेली, म्हणून त्याचं म्हणणं की मुलासाठी स्ट्रोलर भाड्यानं घेऊ. सासरे म्हणतात, "घोड्याएवढा पोरगा बाबागाडीत? वारीत याच्याहून लहान पोरं चालतात." मुलगी म्हणते, त्याला गाडी तर मलाही. पत्र लिहिणाऱ्या आईला वाटतं की मुलगा सॉकर खेळतो, दिवसभर धावतो, तो चालेल. आणि गाडी घेतली तर आपणच त्याला लाडावून ठेवलं असा अर्थ निघेल. लोक हसतील, हीसुद्धा धास्ती आहे. पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ: "सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्या म्हणतात मी हळूहळू चालेन." प्रश्न एवढाच, की शाळेत जाणाऱ्या मुलाला स्ट्रोलर लागतो का?

प्रिय मैत्रिणी,

आधी सरळ उत्तर देते, म्हणजे घरातली चर्चा तोवर थांबेल. डिस्ने वर्ल्डमध्ये चार पार्क आहेत. त्यांतल्या एपकॉट आणि मॅजिक किंगडमच्या दिवशी स्ट्रोलर घ्या. हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडमच्या दिवशी घेतला नाही तरी चालेल. आता हे कशावरून म्हणते ते सांगते, कारण तुमच्या घरात भांडण गाडीवरून चाललेलंच नाही असं मला वाटतं.

तुमचा मुलगा चालू शकतो की नाही, ही परीक्षा तुम्ही त्याच्यासाठी मांडून ठेवली आहे. तो चालू शकतो. पण सॉकरचा सामना तासाभराचा असतो, मध्ये संत्र्याच्या फोडी मिळतात आणि नंतर गाडीत एसी लावून घरी यायचं असतं. डिस्नेचा दिवस सकाळी साडेसातला हॉटेलातून निघाल्यावर सुरू होतो आणि रात्री दहाला संपतो. त्यात दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होऊन जातं. त्याचं पाऊल आखूड, त्यामुळे तुमच्या दोन पावलांना त्याची तीन पडतात. शिवाय जूनअखेरचं ऑरलँडो म्हणजे ३२-३३ अंश तापमान, मुंबईसारखी चिकट हवा आणि बहुतेक दुपारी गडगडाटासह पाऊस. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटांचा चांगला व्यायाम सांगते. तुमच्या मुलाचा तो कोटा दुपारच्या जेवणाआधीच पुरा झालेला असेल. त्यानंतर तो गाडीत बसला तर त्यात आळस कुठून आला?

सासऱ्यांचा वारीचा मुद्दा मला आवडला. पण तो अर्धाच सांगितलाय त्यांनी. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे हे खरं, पण पालखी ते वाटून वाटून कापते. वाटेत विसावे नेमलेले असतात, जेवणाची वेळ ठरलेली असते, पुण्यात आणि सासवडला दोन-दोन रात्री मुक्काम असतो. दिंडीमागून सामानाचा ट्रक येत असतो, आणि पाय सुजलेल्या माणसाला त्यात बसवलं तर कुणी त्याची भक्ती मोजायला जात नाही. माउलींच्या पादुकासुद्धा रथातूनच जातात. तेव्हा सासऱ्यांना म्हणावं, वारीसारखंच करू या. विसावे तुम्हीच नेमा. हे काम त्यांना मनापासून आवडेल अशी माझी अटकळ आहे, आणि तुम्हाला एक समर्थक मिळेल.

आणखी एक गोष्ट त्यांच्या पिढीला सहज आठवेल. जत्रेत लहान मुलं पूर्ण वेळ चालत नव्हती. कधी काकाच्या खांद्यावर, कधी मामाच्या पाठीवर, कधी आत्याच्या कडेवर असायची. मोठी माणसं भरपूर होती, म्हणून चाकांची गरज पडली नाही. तुमच्याबरोबर चार मोठी माणसं आहेत. त्यांतल्या एकाची पाठ धरलेली, एकीचे गुडघे दुखतात आणि एक आजोबा आहेत. रात्री आतषबाजी संपल्यावर २१ किलोचं झोपलेलं मूल कोण उचलणार, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. ते तुम्हीच उचलणार आहात. म्हणजे 'मुलाला गाडी लागते का' यापेक्षा 'तुम्हाला गाडी लागते का' हे विचारून बघा. उत्तर लवकर सापडेल.

लाडावण्याचं म्हणाल, तर सवयी रोजच्या गोष्टींतून लागतात. शाळेच्या बसथांब्यापर्यंत दप्तर कोण उचलतं, पार्किंगपासून दुकानापर्यंत तो हात धरून चालतो की उचलून घ्यायला लावतो, शनिवारी सायकल बाहेर निघते की नाही, यावर लक्ष द्या. वर्षातल्या चार दिवसांनी मूल बिघडत नाही.

आता स्ट्रोलरची दुसरी बाजू, जी नवऱ्यालाही वाचून दाखवा. गाडी घेतली की सगळं सुटेल असं त्याला वाटतंय, आणि ते तितकंसं खरं नाही. मुलं दमतात ती चालण्यापेक्षा उभं राहून. राइडच्या रांगेत तासभर उभं राहायचं असतं आणि बहुतेक रांगांमध्ये स्ट्रोलर आत नेता येत नाही. तो बाहेर ठरवून दिलेल्या जागी लावायचा. तुम्ही आत असताना तिथले कर्मचारी गाड्या सरकवून नीट रांगेत लावतात, त्यामुळे बाहेर आल्यावर आपली गाडी जिथे ठेवली तिथे नसते. भाड्याच्या सगळ्या गाड्या एकसारख्या. दांड्याला एखादा भडक रंगाचा रुमाल बांधून ठेवा (जुनी साडी फाडून केलेली चिंधी सगळ्यांत उत्तम, दुसऱ्या कुणाकडे तशी नसणार). आणि पासपोर्ट, फोन, पैसे गाडीत कधीही ठेवू नका.

सर्वांत मोठी गोम पुढे आहे. पार्कमध्ये भाड्यानं मिळणारी गाडी पार्काच्या दाराबाहेर नेता येत नाही. म्हणजे मूल पेंगायला लागतं नेमकं त्याच वेळी, दाराशी, ती परत करायची. तिथून बस, मोनोरेल किंवा बोट पकडून हॉटेल गाठायचं ते चाकांशिवाय. मॅजिक किंगडमला तर मोटार लावायची जागाच तळ्यापलीकडे आहे. तिथून मोनोरेलनं किंवा फेरीबोटीनं यायचं आणि तसंच परत जायचं. या शेवटच्या टप्प्यासाठी गाडी हवी असेल तर बाहेरच्या दुकानातून, हॉटेलवर पोचती करणारी, भाड्यानं घ्या किंवा घडी होणारी हलकी गाडी घरून न्या. बहुतेक विमान कंपन्या ती फुकट चेक-इन करून देतात. मात्र डिस्नेच्या बसमध्ये चढताना गाडीची घडी करावी लागते. एका हातात झोपलेलं मूल, दुसऱ्या हातात घडी, मागे रांग. त्यामुळे ते कोण करेल हे आधीच ठरवा, आणि नवऱ्याकडे मूल न देता गाडी द्या.

पार्कमधल्या एकेरी गाडीचं भाडं काही वर्षं दिवसाला १५ डॉलर आणि दुहेरीचं ३१ डॉलर होतं. जाण्याआधी ताजा दर बघून घ्या. एका दिवसात दुसऱ्या पार्कला गेलात तर तीच पावती दाखवून तिथे गाडी मिळते, पुन्हा पैसे पडत नाहीत. एकेरी गाडी ५० पौंडांपर्यंतच्या, म्हणजे साधारण २२.७ किलोपर्यंतच्या मुलासाठी असते. तुमचा मुलगा त्यात जेमतेम बसतोय. पुढच्या उन्हाळ्यात हा वाद उरणारच नाही. गाडी घरून नेणार असाल तर टेप घेऊन मापं घ्या. २०१९च्या मे महिन्यापासून ३१ इंचांहून रुंद किंवा ५२ इंचांहून लांब गाडी आत सोडत नाहीत, आणि ओढायच्या वॅगन तर अजिबात चालत नाहीत. वॅगनचा विचार बऱ्याच मराठी घरांत होतो, कारण दोन मुलं आणि खाऊचे डबे एकत्र मावतात. दारातून परत फिरावं लागेल.

एपकॉटला गाडी घ्या असं म्हटलं, कारण ते पार्क सुमारे ३०० एकरांवर पसरलेलं आहे. मॅजिक किंगडम त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं. एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग आहेत आणि त्यांना वळसा घालणारा रस्ताच जवळपास दोन किलोमीटर. मोठ्यांना तिथे रमायला होतं, साडेसहा वर्षांच्या मुलाला इमारती बघून किती वेळ आनंद होणार? तिथे तो नक्की कुरकुरेल. मॅजिक किंगडमला गाडी अशासाठी, की तिथे दिवस सर्वांत लांबतो. मुलांना सकाळी पहिली राइडही हवी असते आणि रात्रीची आतषबाजीही. हॉलिवूड स्टुडिओजला चालणं कमी आणि उभं राहणं जास्त, तिथे गाडीचा फार उपयोग नाही. अ‍ॅनिमल किंगडममधून लोक साधारणपणे दुपारनंतर बाहेर पडतात. तुम्हीही पडा.

उभं राहण्यावरचा इलाज वेगळा आहे. तुम्ही डिस्नेच्याच हॉटेलात उतरणार असाल तर पार्क उघडण्याआधी अर्धा तास आत जाता येतं, आणि दिवसातला सर्वांत कमी रांगेचा वेळ तोच. दुसरा इलाज लाइटनिंग लेनचा, म्हणजे पैसे भरून छोट्या रांगेतून जायचं. त्याचे दर पार्क आणि तारखेप्रमाणे बदलतात आणि माणशी पडतात. सहा जणांचे चारही दिवस काढले तर मोठी रक्कम होईल. मी असते तर फक्त मॅजिक किंगडमच्या दिवशी घेतलं असतं, तेही आई-वडील आणि मुलांपुरतं. आजी-आजोबांना स्पेस माउंटनच्या रोलर कोस्टरमध्ये बसायची हौस नसेल तर त्यांचे पैसे कशाला? (त्या राइडला ४४ इंच उंची लागते. मुलाची उंची निघण्याआधी बूट घालून भिंतीला लावून मोजा, म्हणजे दाराशी रडारड नको.)

आणि सर्वांत स्वस्त इलाज दुपारी हॉटेलवर परतायचा. एक ते चार. वीज चमकायला लागली की बाहेरच्या राइड्स तशाही बंद ठेवतात. खोलीवर जाऊन आंघोळ करा, मोजे बदला, पाऊण तास आडवं व्हा. तिकिटाचे पैसे वाया जातात असं सासरे म्हणतील. वाया गेलेली दुपार आणि वाया गेलेली संध्याकाळ यांतलं कोणतं परवडेल ते त्यांना विचारा. परतणं जमणारच नसेल तर पार्कातच बसायच्या जागा हेरून ठेवा: मॅजिक किंगडममधली पीपलमूव्हर (बसल्या बसल्या हळू फिरवणारी राइड) आणि पार्काला फेरी मारणारी आगगाडी, एपकॉटमध्ये शेतीवरची बोटीची सफर आणि अमेरिकन अ‍ॅडव्हेंचरचा जवळपास अर्ध्या तासाचा कार्यक्रम, अ‍ॅनिमल किंगडममध्ये लायन किंगचा कार्यक्रम. बाहेरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेची भांडी नकोत. दशम्या, गूळपोळी, चिवडा न्या. खाण्याच्या काउंटरवर मागितलं तर बर्फाचं पाणी फुकट मिळतं. भुकेनं आणि तहानेनं आलेली कुरकुर आपण उगाच पायांच्या नावावर खपवतो.

बूट नवे घेऊ नका. घेतलेच असतील तर आजपासून घालू द्या. दमट हवेत मांड्या घासून सोलवटतात, त्याला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन आधीच लावा. क्रॉक्स घालून दिवसभर चाललेल्या मुलाच्या टाचेला फोड आला की दुसरा दिवस गेलाच म्हणून समजा.

मुलीचं म्हणणं मला पटतं. भावाला काहीतरी मिळतंय आणि आपल्याला नाही, एवढंच तिला दिसतंय. 'तू मोठी आहेस ना' हे वाक्य कृपया वापरू नका, नऊ वर्षांच्या मुलींनी ते पुरेसं ऐकलेलं असतं. तिचं वजन गाडीच्या मर्यादेत बसणार नाही, हे खरं कारण तिला सांगा. आकडे मुलांना कळतात. आणि दुपारची विश्रांती तिच्याही वाट्याला आहे, बाहेर पडताना कोणत्या राइडनं शेवट करायचा हे तीच ठरवेल, असं करा. तीही दमणार आहे. ती फक्त बोलणार नाही.

मुलाला 'तुझ्यासाठी गाडी घेतली' असं सांगायची गरजच नाही. ती सगळ्यांच्या पिशव्यांची गाडी आहे. त्याला बसावंसं वाटलं तर बसेल, नाही वाटलं तर पाण्याच्या बाटल्या बसतील. दर दहा मिनिटांनी 'दमलास का रे?' विचारू नका, विचारलं की मुलं दमतात. त्याच्या शाळेतलं कुणी भेटलं आणि तो चटकन उतरला तर उतरू द्या, त्यावर कुणी विनोद करायचा नाही, आजोबांनीही नाही.

लोक हसतील म्हणता. स्ट्रोलरला डिस्नेत वयाची अट नाही, आणि दुपारी तीननंतर तुम्हाला सात-आठ वर्षांची कितीतरी मुलं पाय बाहेर लोंबकळत झोपलेली दिसतील. त्यांतल्या काहींच्या बाबतीत कारण दिसण्यासारखं नसतं. ऑटिझम असलेल्या मुलाला गर्दीत गाडी हा आडोसा असतो. सेरेब्रल पाल्सी, सांध्यांचा आजार, हृदयाचा त्रास यांतही शक्ती लवकर संपते. अशी मुलं असलेल्या वाचकांसाठी सांगते: पार्कच्या गेस्ट रिलेशन्समध्ये, म्हणजे मदत कचेरीत, गेलात तर गाडी व्हीलचेअर म्हणून वापरण्याची खूण लावून मिळते, मग ती रांगेतही नेता येते. आणि ज्यांचं मूल एरवीही थोड्या चालण्यानं पाय दुखल्याची तक्रार करतं, लंगडतं, एकच पाय धरून बसतं किंवा सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात, त्यांनी गाडीचा विचार नंतर करावा, आधी बालरोगतज्ज्ञांकडे जावं. संध्याकाळी दोन्ही पाय दुखणं आणि सकाळी मूल टुणटुणीत असणं, हे वाढत्या वयात पुष्कळांना होतं.

भारतातून सिंगापूर, पॅरिस किंवा हाँगकाँगला जाणाऱ्यांनी इथले नियम तसेच्या तसे धरू नयेत. सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरचं युनिव्हर्सल स्टुडिओज जेमतेम वीस हेक्टरांचं आहे. तिथे सहा वर्षांच्या मुलाला गाडी लागू नये.

आता तुमच्या शेवटच्या ओळीकडे येते. सगळं घर एका मुलाच्या पायांवरून वाद घालतंय, आणि ज्यांचे गुडघे खरोखर दुखतात त्या 'मी हळूहळू चालेन' म्हणून गप्प आहेत. दहा किलोमीटर हळूहळू चाललं तरी दहाच किलोमीटर होतात. पहिल्या दिवशी त्या काही बोलणार नाहीत, दुसऱ्या दिवशी 'तुम्ही जा, मी इथे बाकावर बसते' म्हणतील, आणि उरलेले दिवस नातवंडांबरोबर यायचं म्हणून इतक्या लांबून आलेली बाई बाकावर पिशव्या राखत बसेल. मुलाच्या स्ट्रोलरपेक्षा त्यांची व्हीलचेअर मला जास्त निकडीची वाटते. साधी व्हीलचेअर पार्कच्या दाराजवळ भाड्यानं मिळते आणि स्ट्रोलरसारखी बाहेर ठेवावी लागत नाही, बहुतेक रांगांमध्ये आत जाते. म्हणजे उभं राहण्याचा त्रासही वाचतो. विजेवर चालणारी स्कूटरही मिळते, पण ती स्वतः चालवावी लागते. त्यांना आवडेल का विचारा, एखादे वेळी तुम्हाला वाटतं त्याहून जास्त आवडेल. व्हीलचेअर ढकलायचं काम नवऱ्याच्या पाठीला झेपणार नसेल तर ते आजोबा आणि तुम्ही वाटून घ्या, आणि मग मुलाची गाडी कोण ढकलणार याचा हिशेब पुन्हा मांडा. दोन्ही गाड्या एका दिवशी झेपत नसतील तर मी आजीची ठेवीन. नातवाला मात्र त्यांच्या मांडीवर बसवू नका, गुडघ्यांवर २१ किलो नकोत.

हा विषय सासूबाईंपाशी तुम्ही काढू नका. सून म्हणाली की तो म्हातारपणाचा शेरा वाटतो. त्यांच्या मुलानं, म्हणजे तुमच्या नवऱ्यानं सांगावं, तेही निघायच्या आठवडाभर आधी, दाराशी उभं राहून नव्हे. आणि 'तुला जमणार नाही' असं न म्हणता 'मला तू दिवसभर बरोबर हवी आहेस' असं. दाराजवळच्या व्हीलचेअर आधी येणाऱ्याला मिळतात, म्हणून त्या सकाळी तुम्ही दोघी जरा पुढे निघा आणि बाकीच्यांना मागून येऊ द्या.